खुराड्यावरून पडलेला बंबवाला

घरातलं माणूस दुखण्याने आडवं पडलं की घरचे जेवढे हैराण होत नाहीत, तेवढे त्याच्या "मला काही झालेलं नाही" या पालुपदाने होतात. तुमच्याही घरी असा एखादा नग असेलच. आमच्या पुएर्तो माकी गावात तो मान एरिबेर्तो ओयार्सूनकडे जातो.

"उठतोच आता मी," खाटेवरून तो म्हणाला.

"ऊठ की," त्याची बायको नोल्फा चुलीपाशी पावाची कणीक मळत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. "उठून दाखव. मी टाळ्या वाजवते."

एरिबेर्तोने कोपरं रेटली, जरा वर झाला, चेहरा पांढराफटक पडला आणि तो परत आडवा झाला.

"आज हवा जरा दमट आहे," तो म्हणाला.

"हो ना! हवेनेच मोडलंय तुझं खुब्याचं हाड!"

आता खुब्याचं हाड कसं मोडलं ते सांगते. एरिबेर्तो म्हणजे लाकडी कौलं तासून लोकांच्या छपरांवर ठोकणारा कारागीर. गावातली निम्मी छपरं त्याच्या हातची. आणि गावातल्या इतर पन्नास कामकऱ्यांसारखाच तो बंबवालाही. आमच्या देशात बंबवाल्याला पगार नसतो, मंडळी. भोंगा वाजला की शिक्षक खडू टाकून पळतो, खाटीक सुरी टाकून पळतो. वर दरमहा कंपनीला, म्हणजे बंबवाल्यांच्या पथकाला, वर्गणी कोण भरतं, तर हेच! एरिबेर्तोचा आजा या कंपनीत होता, बापही होता. त्या घरात मूल आधी भोंगा ओळखतं, मग आईचा आवाज.

त्या रविवारी सकाळी मास्तरांच्या घराच्या धुराड्यातली काजळी पेटली. लाकडाचं घर, वरून समुद्राचा वारा. एरिबेर्तो छपरावर चढला, आग पसरू नये म्हणून कुऱ्हाडीने कौलं फोडायला लागला. आग आटोक्यात आली, शेजारची सगळी रांग वाचली, आणि मग छप्पर त्याच्यासकट खाली आलं. तो थेट मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर पडला. मास्तर अजून सांगतात की चहाची किटली तेवढी वाचली.

इथवर सगळं शौर्याचं. खरा घोटाळा दवाखान्यात झाला.

मिरेया नर्सने विचारलं, "कसं झालं हे?"

एरिबेर्तो म्हणाला, "कोंबड्यांच्या खुराड्यावरून पडलो."

मिरेयाने त्याच्याकडे बघितलं. अंगात बंबवाल्याचा जाड कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, तोंड काजळीने काळं, उशाशी हेल्मेट.

"खुराडं किती मजल्यांचं आहे तुमचं?" तिने विचारलं.

पण पेशंट म्हणेल तेच लिहावं लागतं. तिने लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस वेडा आहे का? वेडा नाही, मानी आहे. बंबवाला कामावर जखमी झाला तर त्याचा सगळा इलाज व्हावा, तो बरा होईपर्यंत त्याचं घर चालावं, आणि तो गेलाच तर त्याच्या बायकामुलांना आधार मिळावा, यासाठी आमच्याकडे कायदा आहे. कालपरवाचा नाही, जुना आहे. पण आमच्या कंपनीत कुणीही कधी लिहून न ठेवलेला दुसराच नियम चालत आलेला. आपण मानासाठी जातो, मोबदल्यासाठी नाही. जो कागद पुढे करतो, तो हात पसरतो! एरिबेर्तोचा बाप जन्मभर लंगडत चालला आणि विचारलं की म्हणायचा, "थंडी बाधलीय." लोक त्याला खरा बंबवाला म्हणायचे. आम्हीच म्हणायचो, दुसरं कोण?

मिरेया मात्र दुसऱ्या दिवशी नोल्फाला बाजारात गाठून म्हणाली, "अगं बाई, तुझ्या नवऱ्याला खरं बोलायला सांग. कॅप्टनने सही करून कामावरचा अपघात म्हणून कळवलं, तर आठवड्याभरात शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन होईल. नाहीतर साध्या रांगेत नंबर लागेल, आणि तो कधी येईल ते मलाही सांगता येणार नाही. तोवर हाड वाकडं जुळलं, तर परत छपरावर चढणं विसरा. आणि कळवायची मुदत पुढच्या सोमवारी संपतेय."

नोल्फाने घरी येऊन सांगितलं. एरिबेर्तोने भिंतीकडे तोंड केलं. ती रडली, तो गप्प. तिने भांडी आपटली, तो गप्प. शेवटी ती म्हणाली, "म्हाताऱ्या, माझ्यासाठी तरी!" तेव्हा तो एवढंच म्हणाला, "लोक काय म्हणतील, नोल्फा? ओयार्सूनचा नातू बिल घेऊन आला म्हणतील."

लोक काय म्हणत होते? लोक म्हणत होते, "वा रे पठ्ठ्या!" कॅप्टन नेफ्ताली मान्सिया खाटेपाशी येऊन त्याचा हात दाबून गेला. "तोंडातून शब्द नाही काढलास! याला म्हणतात बंबवाला! तू काळजी करू नकोस. शनिवारी आपण तुझ्यासाठी कोम्प्लेतो लावू, बिंगो ठेवू."

कोणावर संकट आलं की आमचं गाव हेच करतं. लांबोडका पाव, आत सॉसेज, वर टोमॅटो, अ‍ॅव्होकॅडोचा लगदा आणि मेयोनीजचा डोंगर. हा कोम्प्लेतो शेकड्यांनी करायचा, विकायचा, वर बिंगो खेळायचा आणि जमलेलं त्या घरी द्यायचं. मन मोठं आहे हो आमच्या गावाचं, त्यात शंका नाही. खातंही तेवढ्याच मोठ्या मनाने.

शनिवारी सकाळपासून कंपनीच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात बायकांची झुंबड उडाली होती. नोल्फा टोमॅटो चिरत होती. शेजारी दोन्या ओदिलिया अ‍ॅव्होकॅडो कुस्करत होत्या. वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो; ओदिलिया म्हणजे बाल्दोमेरो बार्रियाची विधवा. धक्क्यावरच्या गोदामाची आग विझवताना भिंत अंगावर पडून बाल्दोमेरो गेला, त्याला बरीच वर्षं झाली. ओदिलियाबाई तोंडाच्या फटकळ, हसायला मोकळ्या, आणि कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या खुर्चीच्या मानकरी.

"टोमॅटो चिरतेयस की नवऱ्याला?" त्यांनी विचारलं.

नोल्फाने सुरी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. खुराडं ऐकल्यावर ओदिलिया एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की त्यांना ओट्याला धरून उभं राहावं लागलं.

"पण तुमच्याकडे…"

"नाहीत हो! एकही नाही! कोंबडीची पिसंसुद्धा नाहीत घरात!"

परत हसल्या. डोळे पुसले. आणि मग हळूहळू त्यांचं हसू उतरलं.

"सोमवारी मुदत संपतेय म्हणालीस?"

"हो."

ओदिलिया जरा वेळ अ‍ॅव्होकॅडो नुसताच ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाल्दोमेरो गेला तेव्हा त्या वेळच्या कॅप्टनने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, दोन्या, तो मोबदल्यासाठी नाही गेला. त्याच्या नावाने आपण मागायला जाणं बरं दिसणार नाही. आणि मीच मान डोलावली गं! मला वाटलं, मागितलं तर त्याचं मरण स्वस्त होईल."

"मग?"

"मग काय, बिंगो! दर वर्षी बिंगो. मला नि मुलांना धुतलेले कपडे घालून स्टेजवर बसवायचे. आम्ही हसायचं. बक्षिसाचा मेंढा जिंकणारा येऊन माझा हात हातात घेणार, मी त्याचे आभार मानायचे. लोकांनी प्रेमाने केलं, मी नाही म्हणत नाही. पण माझी मुलगी आता स्वतः आई झालीय, तरी कोम्प्लेतोचा वास आला की खोलीतून उठून जाते. म्हणते, आई, परत स्टेजवर बसल्यासारखं वाटतं." त्यांनी पळी आपटली. "जे हक्काचं होतं, ते आम्ही उपकार म्हणून खाल्लं, नोल्फा. हक्काचा घास गिळायला सोपा जातो. उपकाराचा इथे अडकतो." त्यांनी गळ्यावर हात ठेवला, तर गळ्याला हिरवा लगदा लागला. तशाही परिस्थितीत नोल्फाला हसू आलं, आणि ओदिलियालाही.

दुपारी हॉल भरला. काय ती गर्दी! खाटीक सॉसेज वाटतोय, मास्तर तिकिटं फाडतायत, कुणीतरी अकॉर्डियन वाजवतंय, आणि स्टेजच्या पायाशी बिंगोचं पहिलं बक्षीस म्हणजे जिवंत मेंढा दोरीला ताण देत उभा. स्टेजवर मधोमध खुर्ची, खुर्चीत कुबड्या मांडीवर घेऊन एरिबेर्तो. त्याला चौघांनी उचलून आणलं होतं. तो हसत होता, पण त्या हसण्यात काही राम नव्हता.

कॅप्टन मान्सियाने हात वर केला. अकॉर्डियन थांबलं. कंपनी गणवेशात ओळीने उभी राहिली. बिंगो असो नाहीतर लग्न, कंपनी एकत्र आली की आधी हजेरी होते, आणि हजेरीत पहिलं नाव हुतात्म्याचं. ते नाव पुकारलं की सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं. ऐकताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू!

"बाल्दोमेरो बार्रिया!" कॅप्टन गरजला.

"हजर!" पन्नास गळे एकदम. खिडक्यांची तावदानं थरथरली.

"नाही!"

सगळ्यांनी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात ओदिलिया उभ्या होत्या. अ‍ॅप्रन बांधलेला, हात कोपरापर्यंत हिरवे.

"तो हजर नाही," त्या म्हणाल्या. "तो मेला. मी हजर आहे. माझं नाव कधी पुकारलंत का रे?"

मेंढ्यानेसुद्धा दोरी ओढणं थांबवलं.

कॅप्टन गडबडला. "दोन्या ओदिलिया, आत्ता हे… आपण नंतर बोलू."

"नंतर म्हणजे सोमवारनंतर? मुदत गेल्यावर?"

"अहो, आम्ही तुम्हाला केवढा मान देतो!"

"भरपूर देता! मी तो मान चुलीवर ठेवूनसुद्धा बघितला, कॅप्टन. शिजत नाही तो." त्या चालत चालत ओळीसमोर आल्या. "तुझ्या डोक्यावर काय आहे?"

"हे? हेल्मेट."

"बाजारातून आणलंस?"

"कंपनीने दिलं."

"भीक म्हणून?"

"काय बोलता! ते लागतंच ना!"

"का लागतं? एवढा मानी तू! जा की उघड्या डोक्याने आगीत!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कॅप्टनने तिकडे डोळे वटारले.

"हे हेल्मेट तुझ्या डोक्यासाठी," ओदिलिया म्हणाल्या. "आणि कायद्याने एक हेल्मेट तुझ्या घरासाठी दिलंय. तुझ्या बायकोच्या, पोरांच्या डोक्यासाठी. पहिलं घालून फोटो काढता. दुसरं घालायची लाज वाटते तुम्हाला! बाल्दोमेरो आगीत जाताना मला म्हणायचा, माझ्यामागे कंपनी आहे, तू घाबरू नकोस. कंपनी होती रे. माझ्या मागे नव्हती, माझ्या समोर बसून टाळ्या वाजवत होती."

मास्तरांच्या हातात अर्धं फाडलेलं तिकीट तसंच राहिलं. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना आपापल्या टाळ्या आठवत होत्या.

आणि मग स्टेजवर खुर्ची करकरली. एरिबेर्तो उठत होता. एक कुबडी घसरली, नोल्फा धावली, त्याने हाताने तिला थांबवलं. तो उभा राहिला. घामाने डवरलेला, पण उभा.

"मी खुराड्यावरून पडलो नाही!" तो ओरडला.

"मी मास्तरांच्या छपरावरून पडलो! आग विझवताना! कामावर असताना!" त्याने दम घेतला. "आणि आमच्याकडे कोंबड्याच नाहीत!"

अरे देवा! जो काही हशा फुटला! मास्तर रडेपर्यंत हसले, खाटकाच्या हातातली सॉसेजं खाली पडली, आणि गर्दीतून मिरेया नर्स ओरडली, "मला माहीत होतं! बूट घालून कोण जातं रे खुराड्यावर? कागदावर दुरुस्ती मी आणि डॉक्टर करतो, काळजी नको!"

"मला परत छपरावर चढायचंय," एरिबेर्तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "माझा बाप जन्मभर दुखणं लपवत राहिला. आम्ही त्यालाच मान समजलो. रात्री तो कण्हायचा, ते आई एकटी ऐकायची. नोल्फाला ते ऐकवायचं नाहीये मला. कॅप्टन, सही कर. हात पसरत नाहीये मी. माझं आहे ते दे."

नेफ्ताली मान्सिया वाईट माणूस नव्हे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. जे ऐकत आला, तेच तो बोलत आला, आपल्या बहुतेकांसारखं. त्याने हेल्मेट काढलं आणि काखेत घेतलं. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"सोमवारची वाट कशाला?" तो म्हणाला. "सही आत्ताच करतो. आणि एरिबेर्तोला शहरात मी स्वतः घेऊन जातो. दोन्या, तुमचं कामही आजपासून माझं. कुणी उशीर झाला म्हणालं, तर उशीर आम्ही केलाय, असं सांगेन." मग तो कंपनीकडे वळला आणि पूर्वीपेक्षाही मोठ्याने गरजला, "हजेरी पुन्हा! बाल्दोमेरो बार्रिया!"

"हजर!"

"बाल्दोमेरो बार्रियाचं घर?"

असा प्रश्न कंपनीत पूर्वी कुणी ऐकलेलाच नव्हता. पन्नास माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. हजर म्हणायला कुणाची जीभ रेटेना, कारण बाईंच्या घरात काय शिजतं हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

तेव्हा ओदिलियांनी हिरवा हात वर केला.

"हजर!" त्या म्हणाल्या. "पाच नातवंडांसकट!"

काय सांगू तुम्हाला, हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! "एरिबेर्तो ओयार्सूनचं घर?" कॅप्टनने पुकारलं आणि नोल्फाने टोमॅटोने लाल झालेला हात उंचावून "हजर!" म्हटलं. मग एकामागून एक बायका, म्हाताऱ्या आया, कडेवरची मुलं, सगळे ओरडायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला कळलं की आमच्या कंपनीत पन्नास नाही, दोनशेच्या वर माणसं आहेत.

बिंगोही झाला. कोम्प्लेतो तयार होते, ते काय टाकून द्यायचे? जमलेल्यातून कंपनीला नवे पाण्याचे पाइप आले. मेंढा मास्तरांना लागला. बरीच वर्षं बिंगोच्या मेंढ्याकडे डोळा ठेवून असलेल्या खाटकाने त्या दिवशी मास्तरांशी बोलणं टाकलं.

एरिबेर्तोचं ऑपरेशन झालं, घर चालेल एवढा आधार वेळेवर येत राहिला. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत तो परत छपरावर ठोकाठोक करताना दिसायला लागला. थोडा लंगडतो. विचारलं तर थंडी बाधली असं म्हणत नाही, छपरावरून पडलो म्हणतो, आणि पुढे सगळी गोष्ट ऐकवतो. आता तो गप्प बसत नाही, हा नोल्फाचा नवा त्रास. ओदिलियांच्या कामाला वेळ लागला. कॅप्टनने शहरातल्या एका कचेरीत एवढे खेटे घातले की त्याला बघितलं की तिथला शिपाई न विचारता चहा आणायचा. पण काम झालं. बातमी घेऊन कॅप्टन गेला तेव्हा बाई दाराच्या पायरीवर बसून पोटभर रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी त्याला जेवायला वाढलं. "हे माझ्या हक्काचं आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा घे."

मंडळी, तुमच्या गावातही कुणीतरी तुमच्यासाठी आगीत, पुरात, रस्त्यावर धावत असेल. त्याच्या शौर्याला टाळ्या जरूर वाजवा, पण टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. त्याच्या घरासाठी कायद्याने जे ठेवलंय, ते त्याला मिळतंय का, हे विचारा. मिळत नसेल तर बरोबर जा, भांडा. आणि तुम्ही स्वतःच धावणारे असाल, तर हक्काचं घ्यायला लाजू नका. तुमचा मान तुमच्या बायकामुलांना उपाशी ठेवून वाढत नाही.

आमच्या कंपनीत आता नवा माणूस भरती व्हायला आला, की तो किती धाडसी आहे, दोर किती वेगाने चढतो, हे आधी बघत नाहीत. कॅप्टन त्याला समोर बसवतो, चहा देतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "तुझ्या घरी कोण कोण आहे?" त्या सगळ्यांची नावं घेऊन झाली की मगच त्याला हेल्मेट मिळतं.